क्लोरीनची पत्रावळ

"डोक्याले तेल कोनतं लावलं?"

सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी मुलाखतीला आले होते. अंजनगाव सुर्जीहून पहाटेची एसटी धरून अकोल्याला पोचले होते, अंगावर मोठ्या बहिणीचा ड्रेस होता आणि रात्रभर रसायनशास्त्राचे प्रश्न घोकलेले होते. तेलाचा प्रश्न त्यात नव्हता.

"आवळ्याचं," मी म्हटलं.

"वास येते. जाय, धुऊन ये. मंग बोलू."

मला राग आला आणि रडूही आलं. बाहेर नळाजवळ प्रयोगशाळेतल्या मावशी भांडी विसळत होत्या. त्यांनी न विचारताच साबणाचा तुकडा पुढे केला. म्हणाल्या, "सगळ्याइले असंच करते थे. मले त पह्यल्या दिवशी गजरा फेकाले लावला होता."

ओले केस घेऊन मी परत आत गेले. सरांनी माझ्यासमोर काचेची तीन भांडी ठेवली आणि वास घ्यायला सांगितलं. एकाला ओल्या मातीचा वास होता. दुसऱ्याला पोहण्याच्या तलावाचा. तिसऱ्याला काहीच नव्हता, तसं मी सांगितलं.

"पुन्हा घे."

मी भांडं हलवून पुन्हा नाकाशी नेलं. लांबून, अगदी पुसट, दवाखान्याच्या फरशीसारखं काहीतरी आलं. मी ते घाबरत घाबरत सांगितलं. तेव्हा सरांनी पहिल्यांदा वर पाहिलं. माझी फाईल त्यांनी उघडलीच नाही.

"उद्यापासून ये. आन थे तेल घरीच ठेव."

सर सरकारी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य पाणी तपासण्यात गेलेलं. आमची जागा म्हणजे अकोल्याबाहेरची एका संस्थेची कर्मचारी वसाहत. उन्हाळ्यात तिथे धरणाचं पाणी आठ-आठ दिवस येत नसे, आणि बोअर मारावी तर पाणी खारं. तो सगळा खारपाणपट्टा. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहात दूध घातलं की नासतं. म्हणून संस्थेने ठरवलं, की वसाहतीतलंच सांडपाणी शुद्ध करून पुन्हा प्यायला द्यायचं. त्यासाठी टाक्या बांधल्या, बारीक छिद्रांचे पडदे बसवले, कोळशाची टाकी आणली, जंतू मारणारे दिवे लावले. देखरेखीला सरांना करारावर बोलावलं आणि त्यांच्या हाताखाली मला.

सरांच्या नाकासाठी प्रयोगशाळेचे सगळे नियम होते. उदबत्ती नाही, अत्तर नाही, सुगंधी पावडर नाही. दसऱ्याला मावशींनी यंत्रांची पूजा करायची म्हटल्यावर सर म्हणाले, "करा. पन झेंडू नाई. शेवंतीबी नाई." मावशींनी मग कुठूनतरी कागदाची फुलं आणली. नमुने घ्यायच्या दिवशी सर स्वतः कच्चा कांदा खात नसत. भाकरी, ठेचा आणि कांदा हे ज्याचं जेवण, त्या माणसाला कांद्यावाचून भाकरी खाताना मी कित्येकदा पाहिलं आहे. दर घासाला ताटातला कांद्याचा रिकामा कोपरा ते बघत.

मी एकदा विचारलं, "सर, जंतू तर कधीच सापडत नाहीत. मग तुम्हाला एवढी काळजी कशाची?"

"क्लोरीनची."

"क्लोरीन तर औषध आहे."

"हाये ना. त्याचे उपकार हायेत आपल्यावर. माह्या लहानपनी गावात हगवणीनं पोरं मेली, मी पाह्यली. पन थो पाहुना हाये, पोरी. पान्यात जे काई सडकं-कुजकं उरलं असन, थे थो जेवते. जेवून उठला का पत्रावळ इथंच टाकून जाते. आन थे पत्रावळ आपन पितो. एक दिवस प्यालो, महिनाभर प्यालो, काई होत नाई. वीस वर्षं प्यालो त..."

"मग क्लोरीन बंद करायचं?"

"येडी हाये का? पाहुन्याले बोलवाचं. पन थो याच्या आंधी घरातलं सारं उष्टं-खरकटं काढून टाकाचं. जेवाले काई दिसलंच नाई पाह्यजे त्याले. अन आपल्या पान्यात त खारबी हाये. त्या खारातलं ब्रोमाईड मिसळलं का पत्रावळ आखीन जड होते."

क्लोरीनमुळे पाण्यात तयार होणाऱ्या या कर्करोगकारक संयुगांचा विषय माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एका प्रकरणात होता आणि त्याचं नाव पुरं एका ओळीचं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे त्याला पत्रावळ हेच नाव पडलं. मावशीसुद्धा विचारत, "नागपूरहून पत्रावळीचा कागद आला का?"

कारण ही तपासणी आमच्याकडे होत नसे. त्याचं महागडं यंत्र नागपूरला. नमुना कुरियरने पाठवता आला असता, पण सरांचा कुरियरवर विश्वास नव्हता. दर महिन्याला ते स्वतः थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून बाटल्या घेऊन रेल्वेने जात. बाटली भरताना तर त्यांच्याकडे बघत राहावं. नळाची धार बारीक करून, बाटली तिरपी धरून, पाण्याचा आवाजही होऊ न देता भरायचे. काठोकाठ भरून वर फुगवटा आला की झाकण सरकवायचं. मग बाटली उलटी करून बोटाने टिचकी मारायची आणि उजेडाकडे धरायची. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी सगळं पाणी ओतून देऊन पहिल्यापासून सुरुवात.

"एवढ्याशा बुडबुड्याने काय होतं, सर?"

"जे मोजाले चाललो, थे त्याच बुडबुड्यात जाऊन बसते. झाकन उघडलं का पळालं. मंग रिपोर्ट चांगला येते." ते हसले. "लोकाइले चांगलाच पाह्यजे असते."

एकदा मीही त्यांच्याबरोबर नागपूरला गेले. पेटी त्यांनी मांडीवरच ठेवली, वर ठेवू दिली नाही. मूर्तिजापूरला एक बाई चढल्या. पेटीला पाणी सुटलेलं बघून त्यांनी पाय आखडून घेतले.

"मासोया हायेत का वो भाऊ?"

"नाई बाई. पानी हाये."

"पानी?"

"हो. अकोल्याचं."

"नागपूरले पानी नेऊन राह्यले?" बाईंना ते भलतंच वाटलं. "तिथं नाई का पानी?"

"हाये. पन त्याइले आमचं पाह्याचं हाये."

बाई बडनेऱ्यापर्यंत पेटीकडे बघत बसल्या. उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाप हाये का तुहा? जप त्याले."

सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी अमरावतीला बँकेत. वसाहतीतल्या एका खोलीच्या घरात ते एकटे राहत. घरात धरणाच्या पाण्याचा नळ होता, तो त्यांनी बंद करून टाकला. शुद्धीकरणाच्या शेवटच्या नळावरून रोज सकाळी एक स्टीलचा डबा भरून न्यायचे. चहा, वरण, औषध, सगळं त्याच पाण्यात. वसाहतीच्या नळांना हे पाणी सुटायचं होतं त्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणायचे, "दुसऱ्याले पाजाचं त आंधी आपन प्याव."

याचा परिणाम असा झाला की त्यांच्याकडे कुणी येईनासं झालं. उघड कुणी काही बोलत नसे. शेजारचे लेखनिक आधी रोज चहाला यायचे, त्यांना अचानक शुगर निघाली. भिशीच्या बायका पत्ता विचारायला आल्या तरी उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलून परत जायच्या. सर दर वेळी आत जाऊन पेला भरून आणत आणि दारात येऊन उभे राहत, तोवर माणूस गेलेलं असे. मग तो पेला तेच पिऊन टाकत. मी खोटं कशाला बोलू? मीही सुरुवातीला पीत नव्हते. त्यांच्यासमोर पेला ओठांना लावायची आणि पाठ फिरली की बेसिनमध्ये ओतायची.

मुलगी महिन्या-दोन महिन्यांनी यायची. चांगली, बोलकी बाई. आल्या आल्या घर आवरायची, वडलांचे कपडे बघायची, स्वयंपाक करायची. एका रविवारी काही कागदांवर सही घ्यायला मी गेले, तेव्हा ते दोघं जेवत होते. मुलीच्या ताटाशेजारी विकतच्या पाण्याची बाटली होती. स्वयंपाकही तिने स्वतः आणलेल्या पाण्यात केलेला असणार, कारण ओट्याखाली तसल्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. सर त्यांच्या पेल्यातून पीत होते, ती तिच्या बाटलीतून. दोघंही कापसाच्या भावाबद्दल बोलत होते. बाटलीबद्दल कुणीच काही बोललं नाही. मला ते दृश्य बघवेना. मी सही न घेताच परत आले.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी वसाहतीला सोडायचं ठरलं. पहिल्या दोन ओळींच्या घरांना आधी. आमचे प्रकल्पप्रमुख पुण्याकडचे, तरुण, सभ्य गृहस्थ. त्यांना वाईट माणूस म्हणण्याचं कारण नाही. त्यांची अडचण अशी, की बारीक छिद्रांच्या पडद्यांवर सतत बुळबुळीत थर धरायचा आणि यंत्रणा बंद पडायची. म्हणून त्यांनी क्लोरीन अगदी सुरुवातीलाच सोडायला लावलं होतं. थर धरणं थांबलं. पण सुरुवातीचं पाणी म्हणजे पाहुण्यासाठी भरलेलं ताट. शिवाय उन्हाळ्यात लोक आंघोळीला, धुण्याला खारं बोअरचं पाणी वापरत, तेच सांडपाण्यात येई. कोळशाच्या टाकीने उरलेलं शोषून घ्यायचं, तर कोळसा जुना होऊन थकलेला.

नागपूरचा कागद आला. पत्रावळीचा आकडा मर्यादेच्या बराच वर होता.

सर कागद घेऊन प्रमुखांच्या खोलीत गेले. मीही बरोबर होते.

"क्लोरीन सुरुवातीहून काढून शेवटी न्या," सर म्हणाले. "आन कोळसा नवा भरा. दोन महिने लागतीन."

"सर, दोन महिन्यांनी उन्हाळा संपेल. लोक आत्ता टँकरचं पाणी पितायत. त्यात काय काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." प्रमुख शांतपणे बोलत होते. "आपल्या पाण्यात जंतू शून्य आहेत. काविळीपेक्षा हे बरं नाही का?"

"काविळीच्या बाजूले ठेवलं का काई बी बरंच दिसते, साहेब."

"हा धोका वीस वर्षांनंतरचा आहे. तोही झाला तर."

"तवा मी नसन. तुमी असान. म्हनून त सांगून राह्यलो."

प्रमाणपत्रावर सही करायला सरांनी नकार दिला. प्रमुखांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. समोर नेहमीच्या तपासण्यांचा तक्ता होता. गढूळपणा, जंतू, खार, सगळे आकडे खरे, मीच काढलेले. नागपूरच्या तपासणीचा रकानाच त्यात नव्हता. खाली ओळ होती, "वरील तपासण्यांनुसार पाणी पिण्यास योग्य." प्रमुख म्हणाले, "यातलं एक अक्षर तरी खोटं आहे का, बघा." मी वाचलं. एकही अक्षर खोटं नव्हतं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. घरी धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं. मी सही केली.

पाणी सुटलं. छोटासा कार्यक्रम झाला, पेढे वाटले. माझी सही असलेला कागद वसाहतीच्या फलकावर लागला. सरांनी तो तिथेच वाचला. चष्मा वर करून, कागदाला नाक लावल्यासारखं जवळ जाऊन वाचला. मी मागे उभी होते.

"सही तुही हाये?"

"हो, सर."

"अक्षर चांगलं हाये," ते म्हणाले आणि चालू लागले.

दुपारी ते पहिल्या ओळीतल्या पहिल्या घरी गेले. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. मला राहवलं नाही, मीही त्यांच्या मागून गेले. त्यांनी मला या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. दार उघडलेल्या बाईला ते समजावून सांगू लागले. घाबरायचं काही नाही, चार दिवसांत काहीही होत नाही, फक्त पाणी खळखळून उकळायचं आणि उकळताना झाकण ठेवायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची. जे नको आहे ते वाफेबरोबर बरंचसं निघून जातं. दोन महिन्यांत तेही करावं लागणार नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पानी खराब हाये ना, काका?"

"खराब नाई. काम अर्धं झालं हाये."

आतून नवऱ्याचा आवाज आला, "मी म्हनलंच होतं तुले! गटाराचं पानी गटाराचंच राह्यते."

"तसं नाई हो भाऊ. गटाराचं त केव्हाच गेलं. हे क्लोरीनचं..."

पण दार लोटलं गेलं होतं. दुसऱ्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरी आम्ही पोचण्याआधी बातमी पोचली होती. एका निवृत्त मास्तरांनी सरांना ओसरीवर बसवून सगळं नीट विचारून घेतलं, त्यांना ते कळलंही, आणि मग ते म्हणाले, "तुमचं पटलं मले. पन आता घरातल्या बाया काई पेत नाई हे." संध्याकाळपर्यंत दोन्ही ओळींतल्या बायकांनी माठ उपडे करून घासायला घेतले. रस्त्याच्या कडेने ते पाणी वाहत होतं.

शेवटच्या घरून परतताना सर वसाहतीच्या भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना धाप लागली होती. मी म्हटलं, "सर, माझं चुकलं."

त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते दुसरंच बोलायला लागले.

"आमच्या गावात, मूर्तिजापूरपाशी, माही माय इहिरीवर जाऊन बसे. इहिरीले हात लावाची सोय नव्हती. कोनी वरून वाढलं त घागर भरे, नाई त दुपार तिथंच होये. मी तिच्या बाजूले बसलो राहो. आमच्या घरचं पानी कोनी पेत नसे, हे सांगालेच नको." ते माठांच्या ओघळाकडे बघत होते. "मी शिकलो, नोकरीले लागलो. पुऱ्या शहराचं पानी माह्या सहीनं सुटे. लोक पेत. मले वाटे, मायले हे दाखवाले पाह्यजे होतं."

मी त्यांना घरी पोचवलं. दारात त्यांनी सवयीने विचारलं, "पानी पेतं का?" त्या दिवशी मी पेला रिकामा केला. पुसट वास होता तो, दवाखान्याच्या फरशीचा. तरी मी प्यायले.

प्रमुख त्यांच्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही खरं बोललात. पण आता इथे कुणी कधीच पिणार नाही." पाणी बागेला वळवण्यात आलं. गंमत अशी, की घाई संपल्यावर सरांची प्रत्येक मागणी मान्य झाली. क्लोरीन सगळ्यात शेवटी गेलं, तेही मोजून-मापून. पडद्यांवरचा थर धुवायची दुसरी पद्धत बसवली. नवा कोळसा आला. सर दोन महिने त्या टाक्यांवरून हलले नाहीत. पुढचा नमुना घेऊन नागपूरला गेले आणि कागद घेऊन आले तेव्हा पाऊस सुरू झालेला होता. आकडा इतका खाली होता, की धरणाच्या पाण्याचाही तेवढा नसतो. तो कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मी वाचेपर्यंत ते उभेच होते.

त्या कागदाच्या प्रती काढून आम्ही घरोघर दिल्या. लोकांनी घेतल्या, धन्यवादही दिले.

मग सरांनी पहिल्या ओळीच्या तोंडाशी एक नळ बसवून घेतला. सकाळी तिथल्या बाकावर घासलेला स्टीलचा पेला घेऊन बसायचे. कुणाला हाक मारायचे नाहीत. फिरायला निघालेले लोक लांबूनच नमस्कार करून पलीकडच्या कडेने जात. असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी भातकुलीकडचा एक गवंडी तिथून चालला होता. वसाहतीत कुंपणाचं काम चालू होतं. तो थेट नळावर आला, पेला उचलला आणि घटाघट प्यायला. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. सर उठून उभे राहिले होते.

"कसं हाये?"

"थंडगार हाये जी. गोड हाये." त्याने पुन्हा पेला नळाखाली धरला.

"थांब भाऊ. हे पानी कशाचं हाये, थे सांगतो आंधी." आणि सरांनी त्याला सगळं सांगितलं. सांडपाणी, टाक्या, कोळसा, क्लोरीन, नागपूर, सगळं.

गवंड्याने भरलेला पेला हळूच बाकावर ठेवला. रागावला नाही. उपरण्याने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि "येतो काका" म्हणून गेला.

मी धावत खाली गेले. "सर, काहून सांगितलं? तो तर पीत होता!"

"न सांगता पाजलं असतं," सर म्हणाले, "मंग फलकावरच्या त्या कागदात आन माह्यात फरक काय राह्यला असता?"

ते मला टोचावं म्हणून बोलले नव्हते. तसं असतं तर सोपं गेलं असतं. बाकावरचा पेला उचलून त्यांनी तो तिथेच पिऊन टाकला.

त्याच वर्षी त्यांचा करार संपला. निरोपाला मावशी, मी आणि प्रमुख, एवढेच होतो. मुलगी गाडी घेऊन आली होती. सामान फार नव्हतंच. सरांचे डोळे तोवर अधू झाले होते. कागदावरचे आकडे ते भिंग लावून वाचायचे, आणि चुकीचे वाचायचे. मला ते काही दिवसांपासून कळलं होतं, पण मी बोलले नव्हते. गाडीत बसताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "बाटली कशी भराची, थे येते ना तुले?"

"येते, सर."

"बुडबुडा पाह्यत जाय."

आता प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. पाणी अजूनही बागेलाच जातं. प्रमुख बदलले. नवे प्रमुख म्हणाले, बागेच्या पाण्याची एवढी महागडी तपासणी कशाला? मी भांडून ती चालू ठेवली. मावशी आणि मी हेच पाणी पितो. अलीकडे पहिल्या ओळीत राहायला आलेली एक शिक्षिकाही नेते, तिला मी आधी सगळं सांगितलं आहे. ती रोज नेत नाही, मधूनमधून नेते.

महिन्याचा कागद आला की पुढच्या रविवारी मी अमरावतीला जाते. सरांची खोली मागच्या बाजूला आहे, खिडकीतून शेजारच्यांचा कडुनिंब दिसतो. म्हणजे मला दिसतो. सरांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आठवडाभर मुलगी बँकेत, जावई फिरतीवर. रेडिओ आहे, पण तो बंदच असतो. पाऊल वाजलं की ते मान वळवतात आणि कोण ते विचारत नाहीत. हात पुढे करून कागद चाचपतात, त्याची घडी बोटांनी उलगडतात आणि मला परत देतात.

मागच्या खेपेला मी वाचण्याआधीच म्हटलं, "सर, त्या वर्षी मी ती सही केली, त्याबद्दल मी तुमच्याशी कधी नीट बोललेच नाही."

"थे जाऊ दे. क्लोरोफॉर्म किती आला, थे सांग."

मी सांगितला. मग ब्रोमोफॉर्म. मग या दोघांच्या मधली दोन, पत्रावळीचे चारही आकडे झाले. गढूळपणा, खार, कोळशाच्या आधीचं, कोळशाच्या नंतरचं. ते खुर्चीत पुढे वाकून ऐकत होते. एका ठिकाणी म्हणाले, "वाढलं जराक," आणि मी म्हटलं, "हो, कोळसा बदलायला आला आहे." त्यांनी मान डोलावली. कागद संपला. मी घडी घालायला लागले.

"झालं?"

"झालं, सर. एवढंच आहे." मी घड्याळ बघितलं. परतीची गाडी होती.

त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर तसेच. खिडकीतून स्वयंपाकाचा धूर येत होता, त्याची त्यांनी तक्रारही केली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"मागच्या महिन्याचा कागद हाये का जवळ?"

"आहे. पण तो मी तुम्हाला वाचून दाखवला होता, सर."

"हो. मालूम हाये मले." त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "तरी वाच."

मी पिशवी खाली ठेवली, जुना कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.